‘तेला’ तेलंगणातून गेला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या विणकरांवर एक लेख होता. लेख चांगला होता. तक्रार आहे ती त्याच्या पोटात छापलेल्या रंगीत चौकटीबद्दल. चौकट म्हणते की स्पॅनिश भाषेत कापडाला ‘तेला’ म्हणतात, तेलंगी विणकरांचे कापड जुन्या काळी जहाजांतून युरोपात जाई, म्हणून तेलंगी कापडाचे तिकडे झाले ‘तेला’. पुढे एक भलेमोठे उद्गारचिन्ह.

मी वाचून सोडूनही दिले असते. पण आमच्या वाड्यातल्या नववीतल्या मुलाने हे वाक्य जसेच्या तसे २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणात घातले आणि तालीम म्हणून मला ऐकवले. मी म्हटले, असे नाही रे बाबा. तो म्हणाला, काकू, पेपरात आलंय. यावर घरबसल्या काय बोलणार? पेपरात आलेले पेपरातच खोडावे लागते, म्हणून हे पत्र.

माझी ओळख एवढीच की अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात मी निर्यातीचे कागद बघत असे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. दक्षिण अमेरिकेतला एक खरेदीदार होता, त्याच्या खोक्यांवरचा सगळा मजकूर स्पॅनिशमध्ये लागे. ‘तोआया दे बान्यो’ म्हणजे अंघोळीचा टॉवेल, ‘आल्गोदोन’ म्हणजे कापूस. एका खेपेला स्टेन्सिल कापणाऱ्याने ‘बान्यो’तल्या अक्षरावरची बारीकशी लाट गाळली आणि तिकडून खरमरीत ईमेल आला. सगळी खोकी पुन्हा छापली. तेव्हापासून त्या भाषेवर माझी नजर होती. निवृत्तीनंतर संगणकावर रीतसर शिकले आणि स्पॅनिशचा पदर धरून चालता चालता लॅटिनच्या दारात जाऊन उभी राहिले. आता कोश चाळल्याशिवाय दुपारची झोप लागत नाही. (जन्मभर ज्या फायली लावल्या, तो ‘फाइल’ शब्दही लॅटिन ‘फीलुम’ म्हणजे धाग्यावरून आला आहे, पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवत. हे मला नोकरीत असताना कोणी सांगितले असते तर ते काम इतके रूक्ष वाटले नसते.)

तर, चौकटीकडे.

पहिली गोष्ट अगदी घरगुती. तेलुगू विणकरांच्या कापडावरून युरोपला शब्द मिळाला असे म्हणायचे, तर तेलुगूत कापडाला काय म्हणतात हे निदान विचारायला नको का? सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, कुठल्याही गल्लीत शिरा, विचारायला माणूस सापडेल. मी आमच्या शेजारच्या अक्कांना विचारले. त्यांचे सगळे आयुष्य मागांच्या खडखडाटात गेले. कापडाला त्या ‘बट्ट’ म्हणतात, विणकामाला ‘नेत’, मागाला ‘मग्गम’. ‘तेला’ ऐकल्यावर त्या हसायलाच लागल्या. “काय तर सांगालाव वैनी, तेलू म्हंजे आमच्यात विंचू की!”

दुसरी गोष्ट काळाची. ‘तेला’ हा शब्द स्पॅनिशच्या जन्माआधीपासून लॅटिनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी १६६ मध्ये रोममध्ये झालेल्या टेरेन्स या नाटककाराच्या एका नाटकात गरीब मुलगी ‘लाना’ आणि ‘तेला’ यांवर, म्हणजे लोकर आणि माग यांवर, पोट भरते असे वाक्य आहे. तिथे हा शब्द परदेशी मालाचे नाव म्हणून येत नाही, घरातल्या रोजच्या कामाचे नाव म्हणून येतो. रोमन फौजा इसवी सनापूर्वी २१८ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर उतरल्या, मागोमाग व्यापारी आले, वसाहती झाल्या. त्या लोकांच्या तोंडच्या लॅटिनची पुढे स्पॅनिश झाली. ‘तेला’ ला त्यासाठी जहाजात बसून कोकणाला किंवा मछलीपट्टणला वळसा घालावा लागला नाही.

आता मला ज्यात खरा रस आहे ते सांगते. लॅटिनमध्ये विणणे या क्रियेला ‘तेक्सेरे’ म्हणतात. ‘तेला’ त्याच्यापासून झाला असे कोश सांगतात. वाचताना मी अडले. ‘तेक्सेरे’त ‘क्स’ आहे, ‘तेला’त नाही. मग तो गेला कुठे? ‘तेलंगी’तला ‘ंगी’ कुठे गेला हे विचारायचे असेल, तर हेही विचारायलाच हवे. एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला ढिलाई असे चालणार नाही.

उत्तर सुरेख आहे. लॅटिनमध्ये पंखाला ‘आला’ म्हणतात आणि काखेला ‘आक्सिल्ला’, म्हणजे ‘छोटा पंख’. जबड्याला ‘माला’ म्हणतात आणि त्याचेच लहानखुरे रूप ‘माक्सिल्ला’. शिडाच्या कापडाला ‘वेलुम’, निशाणाला ‘वेक्सिल्लुम’. प्रत्येक जोडीत एकच प्रकार दिसतो. ‘क्स’च्या लगेच पुढे ‘ल’ आला की ‘क्स’ गळतो आणि आधीचा स्वर लांबतो; मध्ये स्वर असला तर ‘क्स’ टिकतो. तसाच ‘तेक्स-ला’चा ‘तेला’ झाला, आणि म्हणून लॅटिनमध्ये त्यातला ‘ते’ दीर्घ आहे. ही गोष्ट सिसेरो या रोमन वक्त्याच्याही कानाला जाणवली होती. इसवी सनापूर्वी ४६ मध्ये वक्तृत्वावर लिहिताना त्याने विचारले आहे की आक्सिल्ला या घराण्याच्या नावाचे ‘आला’ झाले ते एक जड अक्षर पळून गेले म्हणूनच ना? त्याने गंगा थोडी उलटी वाहवली, कारण लहान रूप मागाहून होते, मूळ रूप आधी. पण कान मात्र तयार होता.

शब्दाचे नाते असे सिद्ध होते. एक शब्द सुटा घेऊन नाही, जोडीला चार शब्द त्याच वाटेने गेलेले दाखवून. ‘तेलंगी’चा ‘तेला’ होतो म्हणणाऱ्याने ‘फिरंगी’चा ‘फिरा’ आणि ‘सारंगी’चा ‘सारा’ झालेला दाखवावा, मग बोलू.

‘तेक्सेरे’ स्वतः स्पॅनिशमध्ये आला तो ‘तेहेर’ होऊन. हा ‘ह’ साधा नाही, घशातून खरवडून काढायचा. मधल्या काळात त्याचा उच्चार ‘तेशेर’ असा होता. ‘क्स’चा ‘श’ झाला आणि सोळाव्या-सतराव्या शतकात ‘श’ घशात उतरला. पुरावा हवा असेल तर स्पेनमधल्या हेरेस गावची दारू पाहा. इंग्रजांनी तिचे नाव उचलले तेव्हा त्या गावाला ‘शेरेस’ म्हणत, म्हणून इंग्रजीत ती ‘शेरी’. गावाचा उच्चार बदलला, बाटलीवरचा जुनाच राहिला. स्पॅनिश अकादमीने १८१५ मध्ये लेखनही बदलले आणि या शब्दांतले जुने x हे अक्षर काढून j बसवले. मेक्सिको तेवढा जुन्या अक्षराला चिकटून राहिला. उच्चार मात्र ‘मेहिको’.

वाचकहो, आता जरा सावरून बसा, कारण सोलापूरचा खरा संबंध इथे येतो.

लॅटिनमधला ‘क्स’ जिथे येतो, तिथे संस्कृतात पुष्कळदा ‘क्ष’ येतो. लॅटिन ‘आक्सिस’, संस्कृत ‘अक्ष’, अर्थ एकच, चाकाचा दांडा. लॅटिन ‘देक्स्तेर’, संस्कृत ‘दक्षिण’, दोन्ही उजवीकडचे. आणि लॅटिन ‘तेक्सेरे’, संस्कृत ‘तक्ष्’. यात कोणी कोणाकडून काही घेतले नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या. आता ‘क्ष’चे मराठीत काय होते? क्षेत्राचे शेत, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस. (हिंदीत खेत, मक्खी, कोख. तिकडे ‘ख’, आपल्याकडे ‘स’ किंवा ‘श’.) अक्षाचा झाला बैलगाडीचा आस. आणि तक्षणाचे झाले तासणे.

म्हणजे स्पॅनिश ‘तेला’चा मराठीतला सख्खा नातलग कोण? तर ‘तासणे’. लाकूड तासणे, पेन्सिल तासणे, मास्तरांनी तासणे, सगळे आले. तिकडे ‘आक्सिस’चे ‘एहे’ झाले, ‘तेक्सेरे’चे ‘तेहेर’ झाले. इकडे ‘अक्ष’चा ‘आस’ झाला, ‘तक्ष्’चे ‘तासणे’. दोन्हीकडे आपापल्या नियमाने, एकमेकांना न विचारता.

सुताराचे काम आणि विणकराचे काम एका धातूत कसे, असा प्रश्न पडेल. मलाही पडला. मूळ अर्थ हत्याराने घडवणे, जुळवून बांधणे असा असावा, आणि त्यात काटक्या विणून केलेल्या भिंतीही येत, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या खेड्यात ज्यांनी तुराट्यांचा कूड पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मेढी तासून रोवायच्या, त्यांच्यात आडव्या काटक्या एकीच्या पुढून एकीच्या मागून घालत जायच्या, वरून शेणमाती लिंपायची. तासणारा आणि विणणारा माणूस तिथे एकच. संस्कृतने सुताराची बाजू ठेवली, लॅटिनने विणकराची. ग्रीकमध्ये ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार, त्यावरून आपला आर्किटेक्ट, आणि ‘तेख्ने’ म्हणजे कसब, त्यावरून टेक्निक. ऋग्वेदातले कवी तर सूक्तेही ‘तक्ष्’ करतात, सुतार रथ घडवतो तशी.

‘तेला’चे स्पॅनिशमधले गोत्र मोठे आहे. मागाला ‘तेलार’. कोळ्याच्या जाळ्याला ‘तेलारान्या’, म्हणजे कोळ्याचे कापड. नाटकाच्या पडद्याला ‘तेलोन’. बोलण्यासारखे अजून पुष्कळ आहे असे सांगायचे तर स्पॅनिश माणूस म्हणतो, कापायला अजून ‘तेला’ शिल्लक आहे. ‘सुतील’ म्हणजे सूक्ष्म, तलम. तो लॅटिन ‘सुब्तीलिस’पासून, म्हणजे ताण्याच्या, मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, खालून जाणारा इतका बारीक धागा, अशी त्याची व्युत्पत्ती देतात. फ्रेंचांनी ‘तेला’चे ‘त्वाल’ केले, त्याचे लहान रूप ‘त्वालेत’, म्हणजे छोटे कापड. शृंगाराच्या टेबलावर ते अंथरत. कापडावरून नाव टेबलाला गेले, टेबलावरून नटण्याला, तिथून नटण्याच्या खोलीला, आणि मग त्या खोलीचे पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. टॉयलेट हा विणकरांचा शब्द आहे. ही बातमी मी अक्कांना अजून दिलेली नाही.

सर्वांत आवडला तो ‘प्रेतेक्स्तो’. अर्थ सबब, निमित्त. लॅटिनमध्ये ‘प्राएतेक्सेरे’ म्हणजे पुढच्या बाजूला विणणे, काठ घालणे. रोमन अधिकारी आणि स्वतंत्र नागरिकांची वयात न आलेली मुले जांभळ्या काठाचा टोगा घालत, त्याचे नाव ‘टोगा प्राएतेक्स्ता’. याच क्रियेचा दुसरा अर्थ झाला पुढे पडदा धरणे, झाकणे, आणि त्यातून निघाली सबब. काठ भरजरी असला की आतले पोत कोण बघतो! साडीच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे पटेल.

‘तेक्स्तो’ म्हणजे मजकूर, विणलेला. ‘कोन्तेक्स्तो’ म्हणजे संदर्भ, एकत्र विणलेला. ‘तेहीदो’चे दोन अर्थ, विणलेले कापड आणि शरीरातली ऊती. इंग्रजीतला ‘टिश्यू’ही फ्रेंचमार्गे ‘तेक्सेरे’चाच. आणि मराठीतली ‘ऊती’? शाळेत आपण ती पेशींचा समूह म्हणून पाठ केली, पण संस्कृतात ‘ऊत’ म्हणजे विणलेले. म्हणजे शास्त्राची पुस्तके मराठीत करणाऱ्यांनी विणकामाच्या शब्दाला विणकामाचाच शब्द दिला. त्या ‘ऊत’चा आणखी एक वंशज आपण रोज वापरतो, ‘ओतप्रोत’. उभे-आडवे विणलेले असा त्याचा अर्थ. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळे पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? मागावर बसलेल्याला सुचावा असाच तो प्रश्न आहे. आपण मात्र ‘प्रेमाने ओतप्रोत’ म्हणताना भांड्यातून काहीतरी ओततो आहोत असे समजतो.

ताण्याबाण्याचे शब्दही सांगायला हवेत. लॅटिन ‘तेला’चा एक अर्थ होता मागावर चढवलेला ताणा. स्पॅनिशमध्ये ताण्याला ‘उर्दिम्ब्रे’ म्हणतात आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ‘त्रामा’. ‘त्रामा’ म्हणजे कादंबरीचे कथानकही. ‘उर्दीर’ म्हणजे ताणा लावणे आणि कट करणे. मराठीत कट शिजतो, स्पॅनिशमध्ये तो मागावर चढतो.

मी कारखान्यात कागदांची बाई होते, पण डिस्पॅचच्या दारातून आतले माग दिसत. टेरी, म्हणजे लूपदार, टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, असतात. एकावर जमिनीचा ताणा, कडक ताणलेला. दुसऱ्यावर लूपचा ताणा, मुद्दाम सैल सोडलेला. बाणा दोनदा जातो तेव्हा तो ठोकून बसवणारी फणी त्याला पूर्ण ठोकत नाही, कापडाच्या काठापासून बोटभर अलीकडे थांबते. तिसऱ्यांदा पूर्ण ठोका. तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात, कडक ताण्यावरून घसरत जातात, पण सैल ताणा त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि वाकून त्याचा लूप उभा राहतो. पाणी शोषतो तो हा लूप. कान जरा सरावला की नुसत्या आवाजावरून कळते, दोन अर्धे ठोके आणि एक पुरा.

आता टॉवेलचेच बघा. स्पॅनिशमध्ये टॉवेल म्हणजे ‘तोआया’, लिहिताना ‘तोआल्ला’सारखे. ‘तेला’ आणि ‘तोआल्ला’, दोन्ही कापडे, दोन्ही ‘त’ आणि ‘ल’. कोणीही म्हणेल बहिणी आहेत. मुळीच नाहीत. ‘तोआया’ लॅटिन नव्हेच, तो जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतला, धुणे या अर्थाच्या क्रियेपासून आलेला. इंग्रजी ‘टॉवेल’ही त्याच घरचा. तसेच ‘तेहेर’ म्हणजे विणणे आणि ‘तेहा’ म्हणजे कौल. कौल लॅटिन ‘तेगुला’चे, झाकणे या अर्थाचे. ‘सुतील’ ऐकून ‘सूत’ आठवते, पण सूत आपल्या सूत्राचे, शिवण्याच्या धातूचे. त्याचा खरा लॅटिन नातेवाईक म्हणजे डॉक्टर जखमेला टाके घालून ज्याला सुचर म्हणतात तो. आणि सगळ्यांत फसवी जोडी म्हणजे ‘तंत्र’ आणि ‘टेक्निक’. अर्थ एक, आवाज जवळचा, संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे मागावरचा ताणा, म्हणजे दोघांच्याही अंगाला सुताचा वास. तरी मुळे वेगळी. तंत्र ‘तन्’ म्हणजे ताणण्यातून आले, तंतू आणि ताणा यांच्याबरोबर. टेक्निक ‘तासणे’च्या घरचे. इतकी जवळची जोडी जिथे फसवते, तिथे ‘तेला’ आणि ‘तेलंगी’ यांच्या दोन अक्षरांवर किती भिस्त ठेवायची?

आपल्याकडून युरोपात काहीच गेले नाही असे मी म्हणत नाही. गेले, आणि वाटेवरचे प्रत्येक नाके दाखवता येते. संस्कृत ‘कार्पास’, म्हणजे आपला कापूस, ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’, अर्थ तलम कापड. आणि शर्करा घ्या. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, अरबांबरोबर स्पेनमध्ये, तिथे अरबी उपपदासकट ‘असूकार’. मी साखर पेठेत राहते. जिल्ह्यात जिकडे बघावे तिकडे साखर कारखान्यांची धुराडी. पुरवणीला एखादी अभिमानाची चौकट हवीच होती तर ही तयार होती. मालाबरोबर नाव गेले, मधल्या प्रत्येक भाषेने त्यावर आपला शिक्का मारला, आणि ते शिक्के आजही वाचता येतात. शिपिंगची कागदपत्रे केलेल्या बाईला हे फार बरे वाटते. मधल्या एकाही बंदराची नोंद नसलेला माल थेट माद्रिदला पोहोचला असे कोणी सांगू लागले, तर मी त्या कागदावर सही केली नसती.

‘आल्गोदोन’मध्येही तसाच शिक्का आहे. सुरुवातीचा ‘आल्’ अरबी उपपद, ‘कुत्न’ म्हणजे कापूस. इंग्रजी ‘कॉटन’ त्याचाच.

चौकट लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता हे मला कळते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी उर्दू एकाच रिक्षात बसतात. मराठीत माग, कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गम, हे तीन शब्द एका घरचे आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. अशा गावात राहून माणसाचा कान शब्दांची नाती जुळवायला आपोआप धावतो. पण पद्मशाली विणकरांना या उसन्या दागिन्याची गरज नाही. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे इथे आली, गिरण्यांचे भोंगे बंद पडले तरी घराघरांतले माग चालू राहिले, आणि आज सोलापुरी चादर व सोलापूरचा टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ते कागदावर आहे, त्याला क्रमांक आहे. स्पेनच्या राजाला कापड नेसवल्याचे श्रेय त्यात जोडले नाही म्हणून काही अडत नाही. उलट असे एक वाक्य पकडले गेले की बाकीच्या खऱ्या वाक्यांकडेही लोक संशयाने बघतात.

तेव्हा विनंती अशी की दुरुस्ती छापावी, चौकटीतच छापावी, आणि रंगीत छापावी. बातम्यांच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको.

आणि दुसरी विनंती. पुरवणीत जागा असेल तर मागावरचे शब्द गोळा करणारे एखादे छोटे सदर सुरू करा. मानांकनाच्या कागदांत चादर आहे, पण चादर विणताना तोंडात येणारे शब्द त्यात नाहीत. धोटा, कांडी, फणी, ताणा, बाणा. तेलुगू घरांत यांची आणखी निराळी नावे, आणि नक्षी विणणाऱ्या जेकार्डची पत्री पंच करणाऱ्यांची तर वेगळीच बोली. नव्या रॅपिअर मागांना बाणा नेणारा धोटा लागत नाही, आणि धोटा गेला की त्यातली धाग्याची कांडी गेली, कांडी भरणे गेले, त्या कामाभोवतीचे सगळे बोलणे गेले. हे शब्द ज्यांच्या तोंडात आहेत ती माणसे अजून पूर्व भागात ओट्यावर बसलेली सापडतात. माझ्याकडे बरेच शब्द लिहून ठेवले आहेत, ते पाठवीन. तेलुगू उच्चार तपासून द्यायला अक्का तयार आहेत. मात्र पेपरवाल्यांचे काम नुसत्या चहावर करणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले आहे.

आपली,
एक निवृत्त निर्यात-कारकून
साखर पेठ, सोलापूर